मानसिक आरोग्यविषयक लेखनाची तथ्यपडताळणी : एआय साधनांचा वापर

नैराश्य, चिंता, व्यसन, आत्महत्या, मनोविकारांवरची औषधे अशा विषयांवरचा मजकूर छपाईला जाण्यापूर्वी त्यातली विधाने, आकडे, संशोधनाचे दाखले व कायद्याचे उल्लेख एआय साधनांच्या मदतीने तपासण्याची पद्धत. नोव्हेंबर 2022मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि त्यानंतर अशी साधने वृत्तपत्रांच्या पुरवण्या, मासिके व आरोग्यविषयक पुस्तकांच्या संपादनात शिरली. मजकुरात तपासण्याजोगे काय आहे हे वेचून काढायला त्यांचा मोठा उपयोग होतो. ते खरे की खोटे याचा पुरावा म्हणून मात्र त्यांचे उत्तर धरता येत नाही. हा फरक सुटला तर मदतीऐवजी अपायच होतो.

क्रिकेटच्या लेखात धावा चुकल्या तर वाचक पत्र लिहून कळवतो. औषधांवरच्या लेखातले चुकीचे वाक्य वाचून एखादा रुग्ण गोळ्या एकदम बंद करतो आणि संपादकाला त्याचा पत्ताही लागत नाही. नैराश्यावरची बरीच औषधे अचानक थांबवल्यास चक्कर येणे, बेचैनी, झोप उडणे असे त्रास होतात, शिवाय आजार उलटण्याचीही भीती असते. लिथियम एकाएकी बंद केल्यास उन्मादाची अवस्था परतण्याचा धोका वाढतो. या विषयात ‘साधारण बरोबर’ चालत नाही ते यामुळे.

पडताळणीची रीत एका वाक्यावरून नीट कळते. ‘भारतात सातपैकी एकाला मानसिक आजार आहे आणि त्यातल्या ऐंशी टक्क्यांहून अधिक लोकांना उपचार मिळत नाहीत’ अशा घडणीचे वाक्य मराठी लेखांत नेहमी दिसते. साधनाला ‘हे बरोबर आहे ना?’ असे विचारले तर बहुधा होकारच येतो, कारण ही साधने विचारणाऱ्याच्या कलाने उत्तर देतात. हा दोष इतका बळावला होता की एप्रिल 2025मध्ये ओपनएआय कंपनीला आपल्या एका मॉडेलची सुधारित आवृत्ती मागे घ्यावी लागली. तेच वाक्य ‘यातले प्रत्येक विधान सुटे करा आणि प्रत्येकाचा मूळ अभ्यास, वर्ष व वयोगट सांगा’ असे म्हणून दिले तर वेगळेच चित्र पुढे येते. सातपैकी एक हा ‘लॅन्सेट सायकियाट्री’तल्या अभ्यासाचा अंदाज आहे. तो 2017 सालचा, सर्व वयोगटांचा, आणि त्यात स्वमग्नतेसारख्या विकासात्मक अवस्थाही मोजलेल्या आहेत. उपचारांअभावी राहणाऱ्यांचे प्रमाण बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातून आलेले असते. ते सर्वेक्षण 12 राज्यांतले. त्यात प्रौढांमधले सध्याच्या आजाराचे प्रमाण 10.6 टक्के निघाले, आणि उपचारांतली तूट आजारागणिक 70 ते 92 टक्के. म्हणजे वाक्याचा पूर्वार्ध एका अभ्यासाचा, उत्तरार्ध दुसऱ्याचा, आणि ‘त्यातल्या’ या शब्दाने दोन्हींची गाठ मारलेली. प्रत्येक आकडा सुटा पाहिला तर कुठून तरी आलेला आहे, तरी वाक्य चूक आहे. अशी गाठ दाखवून देणे हे साधनाचे सर्वांत मोलाचे काम होय. पुढे दोन्ही अहवाल उघडून पाहायचे ते उपसंपादकाने. ‘लॅन्सेट’च्या अभ्यासातली 197.3 दशलक्ष ही संख्या मराठीत 19.73 कोटी होते, आणि दशलक्षाचे लाख-कोटी करताना साधनाकडून एखादे शून्य इकडचे तिकडे होऊ शकते. तो हिशेब हाताने करावा.

शिळे आकडे ही दुसरी मोठी अडचण. जगात दरवर्षी आठ लाख आत्महत्या होतात आणि दर 40 सेकंदांना एक जीव जातो, हे जागतिक आरोग्य संघटनेचे जुने वाक्य अगणित ठिकाणी उतरवले गेले. साधनांच्या शिकवणीत ते इतक्या वेळा आले आहे की नवा आकडा मागे पडतो. संघटनेचा 2021 सालचा अंदाज 7,27,000 आहे, त्या हिशेबाने अंतर सुमारे 43 सेकंदांचे होते. कायद्याचेही तसेच. आत्महत्येचा प्रयत्न भारतीय दंड संहितेच्या कलम 309खाली गुन्हा आहे असे सांगणारा मजकूर ढिगाने सापडतो. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमातील कलम 115ने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले आणि 309ची धार काढून घेतली. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच उरले नाही. सरकारी सेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम 226खाली गुन्हा राहिला. पोलिसांच्या धाकाने एखाद्याला रुग्णालयात न नेणारे घर आजही असू शकते, म्हणून ही दुरुस्ती छापण्याआधीच व्हायला हवी.

महाराष्ट्राविषयीचा एक दावा वरचेवर तपासावा लागतो, तो म्हणजे राज्य आत्महत्यांत देशात पहिले असल्याचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022च्या अहवालात देशातील 1,70,924 आत्महत्यांपैकी 22,746 महाराष्ट्रातल्या आहेत. संख्येने राज्य पहिले हे खरे. पण लाख लोकसंख्येमागचे प्रमाण पाहिले तर पहिला क्रमांक सिक्कीमचा, 43.1, आणि देशाची सरासरी 12.4. संख्या आणि दर यांतला हा भेद साधनाला विचारला तर ते नेमका सांगते, न विचारता क्वचितच सांगते. त्याच अहवालातली ‘कारणे’ पोलिसांनी नोंदवलेली असतात, त्यांना मनोविकारतज्ज्ञाच्या निदानाचा दर्जा देऊ नये.

निदानाच्या निकषांत गफलत होते ती दोन प्रमाणग्रंथांमुळे. जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतर दीर्घकाळ न ओसरणाऱ्या शोकाला आता दोन्हींत स्वतंत्र विकार म्हणून स्थान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या, 1 जानेवारी 2022 रोजी अमलात आलेल्या आयसीडी-11मध्ये त्यासाठी किमान सहा महिन्यांची अट आहे, तर अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2022च्या डीएसएम-5-टीआरमध्ये प्रौढांसाठी बारा महिन्यांची. साधने दोन्हींचे मिश्रण करून एकच मुदत सांगून मोकळी होतात. आई गेल्याला आठ महिने झालेली वाचक ‘मला आजार झाला आहे का?’ हे त्या एका ओळीवरून ठरवू पाहत असते. कोणता ग्रंथ, कोणती मुदत, हे लेखात उघड सांगितलेच पाहिजे, आणि मुदत उलटली म्हणून निदान होत नाही, इतर लक्षणेही पाहावी लागतात, हेही.

लोकप्रिय मानसशास्त्रातल्या दंतकथांपुढे साधने सर्वांत दुबळी ठरतात, कारण जे जास्त वेळा लिहिले गेले ते त्यांना खरे वाटते. शोकाच्या पाच पायऱ्या एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969मध्ये मांडल्या त्या मरणासन्न रुग्णांशी झालेल्या बोलण्यावरून. मागे राहिलेल्यांच्या शोकावर त्या नंतर बसवल्या गेल्या. सवय 21 दिवसांत लागते या समजालाही आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात मध्यक 66 दिवसांचा आला आणि पल्ला 18 ते 254 दिवसांचा. डेव्हिड रोझनहान यांचा वेड्यांच्या इस्पितळातील तोतया रुग्णांचा 1973चा प्रयोग आजही निर्विवाद म्हणून सांगितला जातो; सुझाना कॅहलन यांनी 2019च्या पुस्तकात त्याच्या नोंदींवर गंभीर शंका घेतल्या आहेत. अशा ठिकाणी साधनाला ‘या दाव्याविरुद्ध काय लिहिले गेले आहे?’ असा उलटा प्रश्न टाकणे फार उपयोगी पडते.

बनावट संदर्भांचा धोका मोजला गेला आहे. 2025मध्ये ‘जेएमआयआर मेंटल हेल्थ’ या नियतकालिकात आलेल्या ऑस्ट्रेलियन प्रयोगात जीपीटी-4ओकडून मानसिक आजारांवरचे संशोधन-आढावे लिहवून घेतले होते. त्यातल्या 176 संदर्भांपैकी 35 अस्तित्वातच नव्हते, आणि उरलेल्या 141पैकी 64 संदर्भांत काही ना काही चूक होती. नैराश्यासारख्या भरपूर अभ्यासलेल्या आजारात बनावट संदर्भ कमी होते. अनावर खाण्याचा विकार, स्वतःच्या शरीरातील व्यंगाचा ध्यास यांसारख्या कमी चर्चिल्या जाणाऱ्या आजारांत ते कितीतरी जास्त निघाले. जिथे लेखकाला मदतीची गरज अधिक तिथेच साधन कमी भरवशाचे, हा या प्रयोगाचा व्यवहारातला अर्थ. डीओआय क्रमांक टाकून शोधनिबंध उघडणे, निदान त्याचा सारांश वाचणे आणि तो मागे घेतला गेला आहे का हे पाहणे, याला पर्याय नाही.

तपासणी सत्यापाशी संपत नाही. आत्महत्येची पद्धत, जागा, चिठ्ठीतला मजकूर ही माहिती अगदी खरी असूनही ती छापल्याने अनुकरण वाढू शकते. भारतीय प्रेस परिषदेने सप्टेंबर 2019मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींच्या आधारे पद्धतीचे वर्णन, भडक मथळे, ठळक जागा आणि छायाचित्रे यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. ही तत्त्वे साधनाला पुरवून मजकूर त्यांच्याशी पडताळायला लावणे हा त्याचा चांगला वापर आहे. घाईच्या वेळी नजरेतून निसटलेले वर्णन ते पकडते.

रुग्णांच्या कहाण्या मात्र साधनात टाकू नयेत. नाव बदलले तरी गाव, व्यवसाय, प्रवेशाची तारीख यांवरून माणूस ओळखता येतो, आणि उपचार घेणाऱ्या व्यक्तीची माहिती तिच्या संमतीविना माध्यमांना देण्यास 2017च्या अधिनियमाचे कलम 24 मनाई करते. दावे तपासायचे तर तेवढीच वाक्ये वेगळी काढून द्यावीत. मराठी मजकुराबाबत आणखी एक दक्षता लागते. तपासायला दिलेले वाक्य साधन न सांगता ‘सुधारून’ परत करते आणि त्यात औषधाचे नाव किंवा ‘क्वचित’सारखा महत्त्वाचा शब्द गळतो. उत्तर पाहून दुरुस्ती मूळ प्रतीत हाताने करणे बरे.

लेखाच्या तळाशी दिलेला मदतवाहिनीचा क्रमांक सर्वांत शेवटी तपासतात. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली, तिचा क्रमांक 14416. साधनांच्या उत्तरांत त्याआधीच्या सेवांचे किंवा परदेशी वाहिन्यांचे क्रमांक येऊ शकतात, म्हणून अंक छपाईला देण्याच्या दिवशी प्रत्येक क्रमांक फोन लावून पाहावा.