गळ्यावरचा पिवळा ठिपका

वर्गात एखादा मुलगा मेलेले पाखरू घेऊन येतो आणि विचारतो, ‘‘बाई, हा कोणता पक्षी?’’ उत्तर ठाऊक नसले की ‘‘चिमणीच दिसतेय’’ म्हणून आपण विषय मिटवतो. १९०८ च्या सुमारास मुंबईत एका मुलाने हाच प्रश्न विचारला होता.

तो मुलगा म्हणजे सालिम अली. पोरके झाल्यावर ते खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजींकडे वाढत होते. छर्‍याच्या बंदुकीने चिमण्या टिपणे हा त्यांचा उद्योग. एकदा पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. मामांना नाव सांगता येईना. पण त्यांनी विषय मिटवला नाही. चिठ्ठी देऊन भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांच्याकडे पाठवले.

मिलार्डनी पक्षी ओळखला: पीतकंठी चिमणी, म्हणजे आपली रानचिमणी. शिवाय सोसायटीचा पक्षिसंग्रह मुलाला हिंडून दाखवला. त्या काळचे ग्रंथ चिमण्यांना फिंच पक्ष्यांच्या कुळात घालत. आज त्यांचे कुळ वेगळे मानतात. रानचिमणीच्या खांद्यावर तांबूस पट्टा आणि पंखावर दोन पांढरे पट्टे असतात. चोच घरचिमणीपेक्षा सडपातळ. गळ्यावरचा पिवळा ठिपका नरात ठळक असतो. ही चिमणी दाणे, किडे खाते आणि फुलांतला मधही पिते. घरटे झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीतल्या भोकात करते.

मिलार्डनी वाचायला दिलेल्या पुस्तकांत ‘ईहा’ यांचे मुंबईच्या पक्ष्यांवरचे पुस्तक होते. ईहा म्हणजे एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. जन्म सातार्‍याचा. १८७० ते १८७६ या काळात ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवत. १८८३ मध्ये सोसायटी स्थापन करणार्‍यांत तेही होते.

याआधीच, १९०६-०७ मध्ये, सालिमनी वहीत एक नोंद केली होती. तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात चिमणीची मादी अंड्यांवर बसे आणि नर बाहेर खिळ्यावर पहारा देई. त्यांनी नराला मारले. थोड्याच वेळात मादीला दुसरा जोडीदार मिळाला आणि तोही त्याच खिळ्यावर येऊन बसला. सात दिवसांत असे आठ नर पडले. मुलाच्या लेखी ती शिकारीची बढाई होती. पुढे आत्मचरित्रात त्यांनीच लिहिले, की आजच्या ज्ञानाच्या उजेडात तिला अधिक अर्थ आला आहे. नर गेला की त्याची जागा घ्यायला बिनजोडीचे नर आसपास असतात, हे त्या आठ जीवांच्या मोलाने नोंदले गेले.

आज असे पक्षी मारणे कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याची गरजही नाही. सिंहगडाच्या वाटेवर किंवा एखाद्या टेकडीवर दुर्बिणीतून तो पिवळा ठिपका दिसतो. मुलाला नाव सांगता आले नाही तरी चालेल. ‘‘गळ्याचा रंग कोणता? कुठे बसला होता? वहीत लिही, मग आपण शोधू,’’ एवढे तर आपण म्हणू शकतो.