भिंतीआडची भाषा : घरातल्या सामायिक फोल्डरचा इतिहास

१/ घराच्या एका कोपऱ्यात जुना संगणक किंवा ‘नॅस’चा लहानसा डबा अखंड चालू असतो. त्याच्या हार्डडिस्कवरचा चित्रपट बैठकीतल्या टीव्हीवर दिसतो, गाणी मोबाईलवर वाजतात, लग्नाचे फोटो लॅपटॉपवर उघडतात. ही उपकरणे निरनिराळ्या कंपन्यांची असूनही त्यांना एकमेकांचे बोलणे कळते. ते कसे कळू लागले, याचा इतिहास सुमारे चाळीस वर्षांचा आहे.

२/ १९८०च्या दशकाच्या आरंभी हार्डडिस्क ही महाग वस्तू होती. एकच डिस्क कार्यालयातील अनेकांना वापरता यावी, ही खरी निकड होती. आयबीएममधील बॅरी फायगेनबॉम यांनी त्यासाठी एक युक्ती योजली : स्वतःच्या डिस्कवरील फाइल उघडण्याचे आणि वाचण्याचे जे आदेश डॉसमध्ये होते, तेच तारेवरून दुसऱ्या संगणकाकडे धाडायचे. या भाषेचे नाव पुढे ‘सर्व्हर मेसेज ब्लॉक’, म्हणजे एसएमबी, असे रूढ झाले.

३/ या पद्धतीचा गुण असा की, संपूर्ण फाइल आधी उचलून आणावी लागत नाही. ‘या ठिकाणापासून इतके बाइट द्या’ एवढेच मागता येते. आज टीव्ही दूरच्या डिस्कवरील चित्रपट तुकड्यातुकड्याने वाचत पुढे सरकतो, तो याच तत्त्वावर.

४/ याच काळात, १९८४ साली, सन मायक्रोसिस्टिम्सने युनिक्स संगणकांसाठी एनएफएस ही दुसरी भाषा आणली. तिचा तपशील १९८९ मध्ये जाहीर दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध झाला. तो वाचून कोणालाही आपला सर्व्हर लिहिता येत असे.

५/ एसएमबी मायक्रोसॉफ्टने उचलून धरली. १९९२च्या ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स’मुळे फोल्डर सामायिक करणे सामान्य वापरकर्त्याच्याही आवाक्यात आले. भाषेच्या काही भागांचे वर्णन प्रसिद्ध होते. परंतु विंडोजच्या नव्या आवृत्त्यांबरोबर तिच्यात पडणारी भर बहुतांशी कंपनीच्या भिंतीआडच राहत असे. विंडोजशी पूर्ण संवाद साधायचा, तर दुसऱ्या टोकालाही विंडोजच हवे, अशी स्थिती येऊ लागली.

६/ या भिंतीला पहिले खिंडार पडले ते ऑस्ट्रेलियात. डिसेंबर १९९१ मध्ये कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील संशोधक विद्यार्थी अँड्र्यू ट्रिजेल यांना आपल्या डॉस संगणकावरून युनिक्स यंत्रावरील फाइली हव्या होत्या. त्यांच्या संगणकावर डिजिटल कंपनीची ‘पाथवर्क्स’ प्रणाली होती. तिची भाषा त्यांना ठाऊक नव्हती. त्यांनी तारेवरून जाणारे संदेश टिपणारा प्रोग्राम लिहिला, कोणत्या मागणीला कोणते उत्तर मिळते ते न्याहाळले आणि तशीच उत्तरे देणारा सर्व्हर रचला. जानेवारी १९९२ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला.

७/ आपण उलगडली ती भाषा एसएमबीच होती, हे ट्रिजेल यांना त्या वेळी माहीत नव्हते. पुढे पत्नीचा विंडोज संगणक आपल्या लिनक्स संगणकाशी जोडताना त्यांनी हे काम पुन्हा हाती घेतले. म्हणजे या सर्व्हरच्या दुसऱ्या जन्माचे कारण निव्वळ घरगुती होते.

८/ आपल्या पद्धतीसाठी ट्रिजेल फ्रेंच कॅफेचा दाखला देत. भाषा येत नसलेला माणूस कॅफेत बसून राहिला, गिऱ्हाइकाने काय म्हटल्यावर वेटर काय आणतो हे पाहत राहिला, तर हळूहळू भाषा शिकतो. मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामची एकही ओळ न वाचता हे काम झाले. म्हणूनच ते नक्कल न ठरता स्वतंत्र निर्मिती ठरले.

९/ १९९४ मध्ये नावाचा पेच उद्भवला. ‘एसएमबीसर्व्हर’ या नावावर दुसऱ्या कंपनीचा हक्क होता. ट्रिजेल यांनी संगणकातील शब्दसूचीत एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने येणारे शब्द शोधले. त्यांतून निवडला गेला तो ‘सांबा’. हे सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली असल्याने जगभरातील प्रोग्रामरांनी त्यात भर घातली. नॅस बनवणाऱ्या अनेक कंपन्यांनीही तेच आपल्या डब्यात बसवले.

१०/ घरगुती मीडिया सर्व्हरच्या कथेत यानंतर एक गमतीचे वळण येते. २००१ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळयंत्रातील डिस्क जेमतेम ८ जीबीची होती. हौशी प्रोग्रामरांनी त्यासाठी ‘एक्सबॉक्स मीडिया सेंटर’ घडवले. चित्रपट दुसऱ्या संगणकाच्या सामायिक फोल्डरमध्ये राहत आणि एक्सबॉक्स ते एसएमबीवरून वाचून टीव्हीवर दाखवी. याच प्रकल्पातून २००८ मध्ये ‘प्लेक्स’ ही शाखा फुटली. मूळ प्रकल्पाने २०१४ मध्ये ‘कोडी’ हे नाव घेतले.

११/ भाषेच्या मालकीचा प्रश्न दरम्यान न्यायालयात पोहोचला होता. मार्च २००४ मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड ठोठावला आणि इतरांच्या सर्व्हरना विंडोजशी जुळवून घेता यावे यासाठी आवश्यक माहिती उघड करण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयाने हा निर्णय मुख्यत्वे उचलून धरला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झालेल्या करारानुसार १०,००० युरो एकदाच भरून ती कागदपत्रे सांबाच्या मंडळींना उपलब्ध झाली. सोळा वर्षे कानोसा घेऊन शिकलेल्या भाषेचे व्याकरण अखेर हाती आले.

१२/ मात्र जुन्या भाषेचे दोषही वारशाने येतात. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रामने विंडोजमधील एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील त्रुटीचा फायदा घेतला. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचे काम कोलमडले. दुरुस्ती मार्चमध्येच प्रसिद्ध झाली होती, पण असंख्य संगणकांवर ती बसवलेली नव्हती. त्याच महिन्यात सांबातही एक गंभीर त्रुटी उघड झाली.

१३/ आज घरी असा सर्व्हर उभारणाऱ्यास दिले जाणारे सल्ले याच इतिहासातून आले आहेत. एसएमबीची पहिली आवृत्ती बंद ठेवावी. सामायिक फोल्डर थेट इंटरनेटवर उघडा टाकू नये. टीव्हीला चित्रपटांचे फोल्डर केवळ वाचण्याची परवानगी द्यावी. अद्ययावत आवृत्ती बसवण्यास विलंब करू नये.

१४/ कोडी, प्लेक्स यांनी चित्रपटांची सूची केली, मुखपृष्ठे लावली. त्याखालचा फोल्डर मात्र अजूनही अनेक घरांत जुन्याच भाषेत बोलतो. ती भाषा एका कंपनीच्या ताब्यात राहिली असती, तर कोपऱ्यातला डबा, टीव्ही आणि मोबाईल एकाच मालकाकडून घेणे भाग पडले असते. ती निवड घराकडे राहिली, याचे मोठे श्रेय कॅनबेरातल्या त्या विद्यार्थ्याला आणि त्याच्यामागून आलेल्या प्रोग्रामरांना जाते.