माळ्यावरचा नाताळ

पोर्तुगिजांकडून मराठीत आलेल्या शब्दांची यादी करताना आपण सहसा बटाटा, पाव, पगार इथवर येऊन थांबतो. त्या यादीतले तीन शब्द आम्हांला एकमेकांशेजारी ठेवून पाहावेसे वाटतात: नाताळ, अलमारी आणि चावी. एक सण, तो संपल्यावर त्याचे सामान जिथे जायचे ती जागा, आणि ती जागा बंद करण्याचे साधन. (चावीतला ‘च’ आजच्या पोर्तुगिजांनी केव्हाच टाकून दिला, ते तिथे ‘श’ उच्चारतात. मराठीने मात्र सोळाव्या शतकातला उच्चार जपून ठेवला आहे.) व्युत्पत्तीवरून इतिहास रचू नये हे आम्हांला मान्य आहे. पण सणाविषयी लिहिताना आपण सारे मांडण्याविषयीच लिहितो, आवरण्याविषयी कुणी लिहीत नाही, ही गोष्ट या तीन शब्दांमुळे आमच्या ध्यानात आली.

वसईचा लिखित इतिहास दोन तारखांमध्ये बसवलेला आहे. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली, म्हणजे नाताळला दोनच दिवस उरले होते. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने किल्ला घेतला. या इतिहासात तह आहेत, तोफा आहेत आणि घंटा आहेत. घंटांचे तर भाग्यच थोर. चर्चच्या मनोऱ्यांवरून उतरवलेल्या घंटा वाईजवळ मेणवलीच्या घाटावर गेल्या, नाशकात नारोशंकराच्या देवळात गेल्या, भीमाशंकरला गेल्या. तिथे त्या टांगलेल्या राहिल्या म्हणून दिसल्या, आणि दिसल्या म्हणून लिहिल्या गेल्या. किल्ल्यातली चर्चे ओस पडली, पण पापडी, सांडोर, नंदाखाल, निर्मळ, आगाशी या बाजूची वस्ती काही उठून गेली नाही. तिने त्यानंतरची पावणेतीनशेहून अधिक वर्षे दर डिसेंबरात सण मांडला आणि पुन्हा आवरून ठेवला. या आवरून ठेवण्याची नोंद कुठे शोधायची, हा आमचा प्रश्न आहे.

ख्रिस्तजन्माचा गोठा ही मुळात जपून ठेवण्याची वस्तूच नव्हती. १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी संत फ्रान्सिसने जो प्रसंग उभा केला, त्यात खरी गव्हाण होती, खरे गवत होते आणि जिवंत बैल व गाढव होते. प्रसंग संपला, जनावरे आपापल्या दावणीला गेली. बांधून ठेवण्याजोगे त्यात काही नव्हतेच. पुढे मूर्ती आल्या, चर्चमधले देखावे भव्य होत गेले. १७८२ मध्ये ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ याने चर्चमध्ये गोठे मांडण्यास बंदी केली आणि त्या बंदीमुळे गोठा लोकांच्या घरांत आणखीच शिरला. घरात शिरला म्हणजे लहान झाला, आणि लहान झाला म्हणजे पेटीत मावू लागला. ताऱ्याचेही असेच. जर्मनीतल्या नीस्की येथील मोरावियन पंथीयांच्या शाळेत १८३० च्या दशकात भूमितीच्या पाठासाठी कागदी तारा करीत. पुढे त्याची टोके सुटी करता येतील अशी रचना निघाली, तेव्हा तो खोक्यात भरून दूर पाठवता येऊ लागला.

वसईचा तारा इतका शिस्तीचा नव्हता. बांबूच्या कामट्या, दोरा, खळ आणि पतंगाचा कागद. दिवाळीच्या आकाशकंदिलाला लागते तेच सामान, आणि एकाच आळीत पुष्कळदा तेच हात. कागद फाडून टाकायचा, सांगाडा माळ्यावर वाशाला टांगून ठेवायचा, पुढच्या वर्षी त्यावर नवा कागद चढवायचा. उन्हाळ्यात माळ्यावर काही शोधायला गेले की कौलांच्या फटींतून येणाऱ्या उजेडात हे उघडे सांगाडे दिसत. आमच्यापैकी ज्यांचे बालपण त्या घरांत गेले, त्यांना ताऱ्याचे हे रूप पेटलेल्या ताऱ्याइतकेच आठवते.

पत्र्याच्या ट्रंकेतला ऐवज वेगळा. मरिया, योसेफ, तीन राजे, मेंढपाळ, उंट, गाय. प्रत्येकाला वर्तमानपत्राची घडी, कोपऱ्यांत डांबरगोळ्या, आणि बाळ येशू मात्र बिस्किटांच्या डब्यात कापसावर स्वतंत्र. अशी एक ट्रंक आमच्यापैकी एकाच्या आजोळी उघडली गेली, तेव्हा मूर्तींपेक्षा आम्ही कागदच अधिक वाचले. एका राजाभोवतीच्या कागदावर जानेवारी १९९१ च्या अखेरच्या आठवड्यातली तारीख होती आणि आखाती युद्धाच्या बातम्या होत्या. इराकवरचा बाँबवर्षाव १७ जानेवारीला सुरू झाला. म्हणजे त्या घरातला गोठा त्यानंतर केव्हातरी उतरला. १९६९ साली रोमन दिनदर्शिकेची फेररचना झाल्यापासून नाताळचा काळ तीन राजांच्या सणापाठोपाठ येणाऱ्या प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला, साधारण जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात संपतो. जुनी चाल गोठा २ फेब्रुवारीपर्यंत, बाळ येशूच्या मंदिरातल्या समर्पणाच्या सणापर्यंत ठेवण्याची. रोमने नियम बदलून बावीस वर्षे लोटली तरी हे घर आजीच्या हिशेबाने चालत होते, असे अनुमान काढण्याचा मोह होतो.

मोहाला आवर घालणे भाग आहे. कागदावरची तारीख एवढेच सांगते की, त्या दिवसाआधी ही मूर्ती या कागदात बांधलेली नाही. कदाचित तो कागद वर्षभर रद्दीत पडून पुढच्या जानेवारीत हाती आला असेल. कदाचित घरात कुणी आजारी होते, किंवा निव्वळ आळस होता. (आळसाला धर्मशास्त्राचा आधार शोधून देणे हा आम्हां अभ्यासकांचा जुना उद्योग आहे.) तरीही चर्चच्या नोंदवहीत जे कधीच येणार नाही ते या चुरगळलेल्या कागदात आहे: घरातल्या माणसांनी सण प्रत्यक्षात कधी संपवला.

काय ठेवायचे आणि काय जाऊ द्यायचे, याचे शेजारपाजारचे हिशेबही पाहण्यासारखे आहेत. गणपतीच्या घरी देव पाण्यात जातो आणि पाट, समया, लाकडी मखर माळ्यावर चढते. उभ्या गौरींचे मुखवटे वर्षभर डब्यात राहतात; तेरड्याची गौर असेल तर ती पाण्यात जाते. नाताळच्या घरी देव कागदात गुंडाळून ट्रंकेत जातो आणि गव्हाणीतला पेंढा गुरांपुढे पडतो. तिन्ही ठिकाणी उगवलेले आणि सुकणारे ते सोडून द्यायचे, यावर मात्र एकमत दिसते. आशीर्वादित मूर्ती भंगली तर ती कचऱ्यात टाकायची नाही, पुरायची किंवा जाळायची, ही ख्रिस्ती घरातली रीत आणि खंडित मूर्ती विसर्जित करण्याची हिंदू घरातली रीत यांत फार अंतर आहे असे आम्हांला वाटत नाही. थर्मोकोलच्या मखराने हा सगळा हिशेबच बिघडवला. ते धड टिकतही नव्हते आणि विरघळतही नव्हते. २०१८ च्या मार्चमध्ये राज्य सरकारने प्लास्टिकबरोबर थर्मोकोलवरही बंदी आणली, ती प्रदूषणाच्या कारणाने. विसर्जनाच्या जगात न विरणारी आणि जतनाच्या जगात न टिकणारी वस्तू कुठे ठेवायची, हा पेच घरांना त्याआधीच पडलेला होता.

‘अडगळ’ या शब्दाला भालचंद्र नेमाड्यांनी २०१० साली कादंबरीच्या शीर्षकात मानाने बसवले आणि मराठी वाचकाने त्यावर भरपूर चर्चा केली. अडगळीला लागते ती जागा मात्र त्याच सुमारास वसईतून नाहीशी होत होती. नव्वदच्या दशकापासून वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहत गेल्या. जुलै २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईच्या कार्यकर्त्यांनी पाण्यासाठी, जमिनीसाठी, झाडांसाठी लढा दिला. माळा वाचवा असे कोण म्हणणार? ज्या कौलारू घरात सुकेळी, कांदे, पेंढा आणि ताऱ्यांचे सांगाडे एका छपराखाली नांदत होते, ते पाडताना माळा आपोआप गेला. सदनिकेत न्हाणीघरावर पोटमाळा असतो. त्यात ट्रंक शिरत नाही. मग मूर्ती मोजल्या जातात. पवित्र कुटुंब येते, राजे येतात, मेंढपाळांपैकी एक येतो. उंट बहुधा मागे राहतो.

आजोळच्या त्या ट्रंकेचेही तसेच झाले. घर पाडायचे ठरल्यावर मूर्ती दोन खोक्यांत भरून विरारच्या सदनिकेत नेल्या. जुने कागद भुगा होत आले होते, ते आम्ही मागून घेतले. नव्याने बांधायला घरात वर्तमानपत्र नव्हते, येणे बंद होऊन काही वर्षे झाली होती. फुगे असलेल्या प्लास्टिकच्या कागदाचे एक भेंडोळे फ्रिजबरोबर आलेले होते, त्यात सगळे नीट बसले. त्या कागदावर तारीख नसते.