लेखक चुकला, असं म्हणायचं नाही

शेरलॉक होम्सचा सोबती डॉ. वॉटसन याला गोळी नेमकी लागली कुठे? १८८७ साली छापून आलेल्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मध्ये तो स्वतः सांगतो, की आपण मुंबई बंदरात उतरलो, पलटणीमागोमाग अफगाणिस्तानात गेलो आणि मैवंदच्या लढाईत खांद्यात गोळी घुसली. तीनच वर्षांनी आलेल्या ‘द साइन ऑफ फोर’मध्ये हाच गृहस्थ गोळी लागलेला पाय कुरवाळत बसलेला आहे, हवा पालटली की तो ठणकतो म्हणून कुरकुरतो आहे. मधल्या काळात दुसऱ्या लढाईचं नाव नाही. खांद्याची गोळी पायात उतरली कशी, यावर विद्वानांनी खरोखरच शाई खर्ची घातली आहे.

माझा जन्म मुद्रितशोधनात गेला, त्यामुळे असल्या भानगडींकडे माझं लक्ष आधी जातं. एका कादंबरीत चाळिसाव्या पानावर वारलेली आत्या पुढे नातवाच्या बारशाला पाळण्याची दोरी धरून हजर होती. मी समासात प्रश्नचिन्ह टाकलं आणि ‘लेखकास विचारावे’ असं लिहिलं. लेखकाने उत्तर पाठवलं, ‘ही धाकटी आत्या.’ तोवर त्या कादंबरीत आत्या एकच होती. रागावण्याऐवजी मला हसू आलं, कारण भोक बुजवण्याची ही तऱ्हा मी आधी भालबा केळकरांच्या अनुवादातून होम्स वाचताना आणि मग होम्सवर लिहिणाऱ्यांना वाचताना ओळखीची करून घेतली होती. फरक एवढाच, की होम्सच्या बाबतीत धाकटी आत्या शोधण्याचं काम लेखकाने नाही, वाचकांनी केलं.

त्याची सुरुवात १९११ साली ऑक्सफर्डमध्ये झाली. रोनाल्ड नॉक्स हा एका बिशपाचा मुलगा, स्वतःही पुढे धर्मगुरू झालेला. त्या काळात जर्मन पंडित बायबलची चिरफाड करत होते: हा भाग कुणाचा, तो प्रक्षिप्त कोणता. नॉक्सला त्यांची टर उडवायची होती. त्याने होम्सच्या कथांनाच धर्मग्रंथ मानलं, न जन्मलेल्या पंडितांची मतं रचली आणि ठरवलं, की धबधब्यात पडल्यावर होम्स परतलाच नाही. पुढच्या कथा वॉटसनच्या पदरच्या. निबंध थट्टेचा, पण वाचणाऱ्यांना त्यातली थट्टा कमी आणि खेळ जास्त दिसला.

आमच्या पुराणिकबुवांना हा खेळ नवा नाही. एका पुराणात गणपतीचं मस्तक शनीच्या दृष्टीने गेलं, दुसऱ्यात शंकराच्या त्रिशूळाने. श्रोत्याने शंका काढली की बुवा म्हणणार, ‘कल्पभेद!’ म्हणजे दोन्ही खरं, फक्त कल्प निराळे. ग्रंथ चुकला ही शक्यता मुळात विचारात घ्यायचीच नाही.

नॉक्सचा निबंध १९१२ साली खुद्द होम्सकर्त्या कॉनन डॉइलच्या वाचनात आला. त्याने नॉक्सला पत्र लिहिलं, त्याचा मथितार्थ असा: असल्या मजकुरावर कुणी इतके कष्ट घ्यावेत याचं नवल वाटतं, तुम्हाला यातलं माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, कारण मी या गोष्टी सुट्या सुट्या लिहिल्या, मागचं पाहून लिहिल्या नाहीत. ही कबुली महत्त्वाची आहे. डॉइलचा जीव ऐतिहासिक कादंबऱ्यांमध्ये होता. ‘सिल्व्हर ब्लेझ’मधल्या घोड्यांच्या शर्यतीविषयी तर त्याने आत्मचरित्रात सांगून टाकलं, की गोष्टीतली माणसं खरी असती तर निम्मी तुरुंगात गेली असती आणि उरलेल्यांना शर्यतीच्या मैदानात पाऊल टाकू दिलं नसतं. असा बेफिकीर लेखक मिळाला, म्हणून वाचकांना काम मिळालं.

आणि काम भरपूर होतं. होम्स मे १८९१ मध्ये राइशेनबाखच्या धबधब्यापाशी ‘मरतो’ आणि १८९४ च्या वसंतात परत येतो. पण ‘विस्टेरिया लॉज’ची हकिगत मार्च १८९२ मध्ये घडते आणि त्यात तो बेकर स्ट्रीटवर बसून तपास करतो आहे. ‘रेड-हेडेड लीग’मध्ये एप्रिलअखेरची जाहिरात दोन महिन्यांपूर्वीची म्हणतात आणि तारीख निघते ऑक्टोबरची. सगळ्यांत गाजला तो मात्र नावाचा घोटाळा. वॉटसनचं नाव जॉन एच. वॉटसन. ‘द मॅन विथ द ट्विस्टेड लिप’मध्ये रात्री एक बाई रडत घरी येते, तेव्हा वॉटसनची बायको तिला विचारते, की जेम्सला झोपायला पाठवू का? हा जेम्स कोण? (आमच्याकडे ही पंचाईत झालीच नसती. बायको नवऱ्याचं नाव घेणार ते उखाण्यात.)

या जेम्सचा निकाल रहस्यकथाकार डोरोथी सेयर्स हिने लावला. १९४३ साली महायुद्धात लढणाऱ्या भारतीय सैनिकांच्या मदतीसाठी लंडनमध्ये ‘क्वीन मेरीज बुक फॉर इंडिया’ हा संग्रह निघाला. त्यात तिचा हा निबंध आहे. गंभीर चेहऱ्याने ती एकेक शक्यता खोडत जाते आणि शेवटी म्हणते, की ‘एच’ म्हणजे हेमिश. हेमिश हे जेम्सचंच स्कॉटिश रूप. बायकोने लाडाने मधल्या नावाचं इंग्रजी केलं, एवढंच! पुराव्याला एका अक्षरापलीकडे काही नाही, तरी बसतं असं चपखल, की वाटावं डॉइलच्या मनात हेच होतं. या खेळाचा कायदाही तिनेच सांगून ठेवला: लॉर्ड्सवरच्या क्रिकेट सामन्याइतक्या गांभीर्याने खेळायचं, थिल्लरपणा शिरला की मजा गेली. आणि तिने वेगळा सांगितला नाही तरी सगळे पाळतात तो नियम म्हणजे ‘लेखक चुकला’ हे उत्तर बाद.

नियमाची खरी परीक्षा ‘द स्पेकल्ड बँड’मध्ये होते. तिथला खुनी डॉक्टर हिंदुस्थानातून आणलेल्या ‘स्वॅम्प अॅडर’ सापाला घंटेच्या दोरीवरून खाली सोडतो, शिटी वाजवून वर बोलावतो आणि बशीतलं दूध पाजतो. या नावाचा साप आपल्याकडे नाही. सापाला बाहेरचे कान नाहीत आणि दूध हा त्याचा आहार नाही. नागपंचमीला आपण काय करतो हा प्रश्न वेगळा. १९४८ साली अमेरिकेतल्या लॉरेन्स क्लॉबर या नामांकित सर्पतज्ज्ञाने तोडगा सुचवला: डॉक्टरने नाग आणि गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याचा संकर केला असणार. म्हणजे शिटी ऐकायला कान आले, दोरी चढायला पाय आले, विष तर होतंच. आयुष्य सापांवर घालवलेला माणूस, पण डॉइलला चूक म्हणाला नाही.

दूरदर्शन संचांवर होम्स आला, तेव्हा ही बुजवलेली भोकं पटकथाकारांच्या कामी आली. १९८४ पासून चाललेल्या ग्रॅनाडाच्या जेरेमी ब्रेटच्या मालिकेत वॉटसनचं लग्नच लावलं नाही. त्याला बायका नेमक्या किती, हा कथांमधला घोळ मुळातून मिटला. २०१० च्या बीबीसीच्या ‘शेरलॉक’ने तर कमालच केली. नव्या काळातला वॉटसन अफगाणिस्तानातूनच परततो, काठी टेकत लंगडतो आणि पहिल्या भागातच कळतं, की गोळी लागली खांद्याला. लंगडणं मनाचं आहे. खांदाही खरा, पायही खरा. २०१२ च्या एका भागात तो आपलं पूर्ण नाव सांगतो: जॉन हेमिश वॉटसन. होम्सच्या घरच्या शेतीवाडीकडे कोण पाहतं, या शंकेपोटी बेअरिंग-गुल्ड या अभ्यासकाने त्याला शेरिनफोर्ड नावाचा थोरला भाऊ दिला होता. मालिकेत ते नाव एका बेटावरच्या तुरुंगाला मिळालं. वाचकांनी समासात लिहिलेलं मजकुरात आलं.

इथवर सगळं छान होतं. पण १५ जानेवारी २०१२ रोजी शेरलॉकने सेंट बार्ट्स इस्पितळाच्या गच्चीवरून उडी मारली आणि भागाच्या शेवटी जिवंत दिसला. पुढची दोन वर्षं जगभरचे प्रेक्षक ही उडी सोडवत बसले. १ जानेवारी २०१४ च्या भागात लेखकांनी एक सोडून तीन उत्तरं दाखवली. त्यांतलं एक तर मालिकेतल्याच चाहत्यांच्या टोळक्याने रचलेलं. शेवटचं उत्तर शेरलॉक स्वतः सांगतो, आणि ऐकणारा चाहता त्यातही खोट काढतो, तेव्हा लेखक त्याची फजिती करतात. मला तो भाग पाहताना करमणूक झाली आणि रागही आला. डॉइलने भोक पाडलं ते नकळत. यांनी पाडलं ते बघ्यांची गर्दी जमवायला, आणि गर्दी जमल्यावर तिलाच हसले.

याचा शेवट २०१७ मध्ये झाला. १५ जानेवारीच्या शेवटच्या भागात कथानकाची शिवण इतक्या ठिकाणी उसवली होती, की काही कट्टर चाहत्यांनी ठरवलं, हे मुद्दाम केलेलं आहे. इतके हुशार लेखक इतके ढिसाळ असूच शकत नाहीत. खरा शेवट दाखवणारा एक गुप्त भाग आहे आणि पुढच्या रविवारी ‘अॅपल ट्री यार्ड’ या नव्या मालिकेच्या नावाखाली तोच दाखवतील. त्या रविवारी ‘अॅपल ट्री यार्ड’च लागली. लोकांनी या मंडळींना वेड्यात काढलं. मी नाही काढणार. त्यांनी जुना नियम शब्दशः पाळला होता.

चूक त्यांच्या हिशेबात दुसऱ्याच जागी होती. हा खेळ टिकला, कारण डॉइलला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्याने कधी कोडं घातलं नाही, म्हणून उत्तर देण्याचा हक्क वाचकांकडे राहिला. लेखक स्वतः समासात येऊन बसला, की प्रश्नचिन्ह टाकायला जागा उरत नाही. खांद्याची गोळी पायात उतरते, तिथे वाचक आपली अक्कल लावतो आणि गोष्ट थोडी त्याची होते. उसवलेली शिवण हीच नक्षी आहे असं लेखकाने बजावलं, तर वाचकाने काय करायचं? मी तरी तिथे ‘लेखकास विचारावे’ असं लिहिणार नाही. सरळ ‘चूक’ असंच लिहीन.