शॉकवेव्ह थेरपी म्हणजे काय? घोड्याच्या पायावर ती कशी काम करते?

नावात ‘शॉक’ आहे म्हणून करंट देतात असं समजू नका. या थेरपीत घोड्याच्या शरीरात वीज नाही, दाबाच्या लाटा सोडतात. कापाकापी नाही, टाके नाहीत. १९९० च्या दशकापासून घोड्यांच्या दुखापतींवर ही पद्धत वापरली जाते.

कल्पना कुठून आली?

मूतखड्यावरून! १९८० मध्ये जर्मनीत म्युनिकला पहिल्यांदा एका पेशंटचा मूतखडा शरीराबाहेरून सोडलेल्या लाटांनी फोडला गेला. मशीन होतं डॉर्निअर या विमानं बनवणाऱ्या कंपनीचं. घोड्यात मात्र काही फोडायचं नसतं. तिथे दुखावलेल्या जागेला भरून येण्यासाठी चालना द्यायची असते.

मशीनचे दोन प्रकार

- फोकस्ड: भिंगाने ऊन एका ठिपक्यावर आणतो ना, तसं लाटांचा जोर त्वचेखाली काही सेंटिमीटरवर एकवटतो.
- रेडियल: हवेच्या दाबाने हँडपीसमधला छोटा धातूचा तुकडा टोकावर आपटतो. जोर त्वचेजवळ सर्वाधिक, खोल जाताना कमी होतो.

मध्ये हवा राहिली तर लाट तिथूनच परत फिरते. म्हणून आधी केस कापतात आणि सोनोग्राफीसारखं जेल लावतात. ठोक्यांनी घोडा बिचकू नये म्हणून बरेचदा त्याला गुंगीचं औषध देतात.

कशासाठी वापरतात?

मुख्यतः पायाच्या मागच्या बाजूने जाणाऱ्या सस्पेन्सरी लिगामेंटच्या दुखापतीसाठी, शिवाय पाठदुखीसाठी. साधारण दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने तीनेक सेशन होतात. पण लिगामेंट भरून यायला काही महिने लागतात. विश्रांती, हळूहळू वाढवलेला व्यायाम आणि मधूनमधून सोनोग्राफी हे सगळं लागतंच.

खरी गोची इथे आहे

शॉकवेव्हनंतर काही दिवस दुखणं कमी होतं. घोडा लंगडायचा थांबतो, मालकाला वाटतं काम झालं. पण आत लिगामेंट अजून कच्चंच असतं. फोनवर ‘लो बॅटरी’चं नोटिफिकेशन बंद केलं म्हणून बॅटरी चार्ज होते का? तसंच हे.

दौडताना जवळपास ५०० किलोचं शरीर काही क्षण एकाच पायावर येतं. दुखत नाही म्हणून घोडा त्या पायाला जपत नाही. तो पाय मोडला तर घोड्याचा जीव जाऊ शकतो, वर बसलेल्या जॉकीचाही.

म्हणूनच कडक नियम आहेत. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या स्पर्धांआधी ५ दिवस शॉकवेव्हला मनाई आहे. अमेरिकेत राष्ट्रीय नियमांखाली येणाऱ्या रेसिंगमध्ये उपचारानंतर ३० दिवस घोड्याला रेसमध्ये उतरवता येत नाही. उत्तेजक औषध रक्त-लघवीच्या तपासणीत पकडता येतं, शॉकवेव्ह तशी पकडता येत नाही. त्यामुळे पशुवैद्याने केलेली उपचाराची नोंद फार महत्त्वाची ठरते.

थोडक्यात

‘कापाकापी नाही’ म्हणजे ‘धोका नाही’ असं नव्हे. लेझर असो, मॅग्नेट असो की शॉकवेव्ह, जाहिरातीत घोडा पळताना दिसला की एकच प्रश्न विचारा: दुखापत भरली आहे, की फक्त दुखणं थांबलंय? उत्तर व्हिडिओत मिळणार नाही, ते पशुवैद्याच्या तपासणीतूनच मिळेल.