निळ्या रंगाचा दिलासा

माझ्या लहानपणी अब्बांच्या पायाची जखम काही केल्या भरेना. तपासणी झाली. काचेच्या नळीत निळं द्रावण, त्यात लघवीचे थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. रंग विटकरी झाला तर साखर भरपूर. अब्बांचा रंग निळाच राहिला. ‘साखर नाही’ म्हणून घर आनंदलं. पुढे रक्त तपासलं, तेव्हा खरं काय ते कळलं.

ते द्रावण अमेरिकन रसायनतज्ज्ञ स्टॅन्ली बेनेडिक्ट यांचं, १९०८ सालचं. ते खोटं बोललं नव्हतं. प्रश्नच चुकीच्या ठिकाणी विचारला होता. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली, की मगच मूत्रपिंडं ती लघवीत सोडतात. उतारवयात ही मर्यादा आणखी वर सरकू शकते.

हजारो वर्षं माणसानं मात्र लघवीवरच भिस्त ठेवली. तिच्याकडे मुंग्या धावतात, हे चरकसंहितेत नोंदलं आहे. १७७६ मध्ये इंग्लंडच्या मॅथ्यू डॉब्सन यांनी रुग्णाची लघवी आटवून साखर दाखवली आणि रक्तातला पातळ भागही गोड असल्याचं नोंदवलं. साखरेचा खरा पत्ता तेव्हाच सापडला होता. पण थोड्याशा रक्तात ती मोजायची कशी? ऑटो फोलिन आणि शिएन वू यांनी १९२०च्या सुमारास प्रयोगशाळांना सोपी रीत दिली. १९६५ मध्ये एका थेंबावर रंग बदलणारी पट्टी आली.

मोजता आलं, तरी आजार कुठून मानायचा? उपाशीपोटीची रेघ आधी १४० वर होती. त्याखालीही डोळ्यांचे पडदे बिघडताना दिसले, म्हणून १९९७ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी ती १२६ वर आणली. ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा अधिक, हीही खूण. तेहरानच्या सॅम्युएल रहबर यांना १९६८ मध्ये मधुमेहींच्या हिमोग्लोबिनमध्ये वेगळेपण दिसलं. त्यातूनच दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ‘एचबीएवनसी’ चाचणी आली. २०१० पासून तिचा ६.५ टक्के हा आकडा निदानासाठी धरला जाऊ लागला.

लक्षणं नसतील, तर एकाच आकड्यावर निकाल देत नाहीत. चाचणी पुन्हा करतात. आणि लक्षणं असतील, तर थांबत नाहीत. अब्बांची जखम बोलत होती. आम्ही रंगाकडे पाहत बसलो.