कच्ची वही, पक्की वही

श्रोतेहो, मागच्या वेळी एक प्रश्न आला होता : तत्त्वज्ञानाचा माणूस सर्व्हरच्या साठवणीवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. पण विषय स्मृतीचा आहे, आणि तो आमच्याच गल्लीतला.

१९६५ साली केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी दोनच पानांचा एक निबंध लिहिला. मोठी स्मृती संथ, वेगवान स्मृती महाग. तर मोठीपुढे एक छोटी, चपळ स्मृती ठेवा. ते तिला ‘दास स्मृती’ म्हणाले. १९६८ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टिम ३६०, मॉडेल ८५ या यंत्रात ती बाजारात आली आणि ‘कॅश’ हे नाव रुजलं. आता बघा, यामागचं गृहीतक काय? आत्ता जे मागितलं, ते थोड्या वेळाने पुन्हा मागितलं जाईल. ह्यूमने ज्या अनुमानाचा पाया उकरला, त्याच अनुमानावर हे यंत्र बिनधास्त चालतं!

फिरत्या डिस्कची अडचण साधी आहे. मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८ मिलिसेकंद. शिवाय वाचणारा हात सरकायला वेळ. विखुरलेल्या नोंदी असतील तर सेकंदाला शंभरही वाचून होत नाहीत. त्यात एका यंत्रात चार आभासी यंत्रं बसवली की प्रत्येकाची मागणी सरळ रांगेत असली तरी खाली ती एकमेकींत मिसळून पोचते. कल्याण जंक्शनला कसाऱ्याच्या आणि कर्जतच्या गाड्या एका मार्गावर येतात, तसंच. म्हणून पुढे एसएसडी ठेवायची. लिनक्समध्ये डीएम-कॅश आणि बीकॅश २०१३ साली आले, आणि ही सोय छोट्या संस्थांच्याही आवाक्यात आली.

आमच्या डोंबिवलीतल्या एका संस्थेनेही ती केली. दोन डिस्क, एकीची दुसरीवर हुबेहूब नक्कल. पुढे एकच एसएसडी. वाचनाला फायदा झालाच. पण बसवणाऱ्याने लिहिण्यासाठी ‘राइट-बॅक’ पद्धत निवडली. म्हणजे दुकानदाराने कच्च्या वहीत टिपून ‘झालं हो जमा’ म्हणायचं, आणि खतावणीत सवडीने उतरवायचं. ‘राइट-थ्रू’मध्ये खतावणीत उतरल्याशिवाय ‘झालं’ म्हणत नाहीत. मॉडेल ८५ मध्ये दुसरीच रीत होती. बीकॅशही आपणहून तीच धरतो. इथे मात्र वेगासाठी मुद्दाम बदलली होती.

एके सकाळी एसएसडी गेली. दोन्ही डिस्क धडधाकट होत्या, पण दोन्हींवर तोच अर्धवट मजकूर! आरशात चूकही हुबेहूब दिसते, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ग्रंथसूचीची बाहेर ठेवलेली प्रत महिन्यापूर्वीची निघाली. एक निवृत्त शिक्षिका रोज दुपारी येऊन सूची टंकत असत. त्यांचा महिना गेला. ‘सर, मशीन तर सेव्ह झालं म्हणालं होतं,’ एवढंच त्या बोलल्या.

त्यांचं म्हणणं मला अजून टोचतं. मशीन खोटं बोललं का? त्याच्या अर्थाने नाही. नोंद खरोखर झाली होती, कच्च्या वहीत. ‘झालं’ या शब्दाचा अर्थ कुणीतरी परस्पर बदलला होता, आणि ज्यांना तो सांगायला हवा होता त्यांना सांगितला नव्हता.

आता तिथे राइट-थ्रू आहे. लिहिताना थोडं रेंगाळतं. सूचीची प्रत रोज रात्री ठाण्याला जाते, आणि बाईंनी तो महिना पुन्हा टंकला आहे. या वेळी शेजारी एक कागदी वही ठेवून.